बंदुकांच्या कपाटाचं कुलूप

फोन आला तेव्हा तोरलाइव्ह गाईच्या मागच्या पायाशी बसला होता. खूर सडला होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून लागलेल्या पावसानं गोठ्यापासून कुरणापर्यंत नुसती राड केली होती आणि बावीस गायींतल्या सात लंगडत होत्या. त्यानं पाय सोडला नाही. तिथूनच बायकोला हाक मारली.

"गुद्रुन, फोन घे गं. माझे हात भरलेत."

गुद्रुन फोनवर फारसं बोलली नाही. "हो" म्हणाली, "कुठे?" म्हणाली, "निघालेच" म्हणाली. मग गोठ्याच्या दारात येऊन तिनं अंगातला कामाचा डगला काढला.

"सिन्नेच्या शाळेतून होता. पोरीला डॉक्टरकडे नेलंय."

"पडली का कुठे?"

"पडली नाही."

"मग?"

गुद्रुननं डगला खुंटीला लावला. "दोघांपैकी एकानं या म्हणतात. दोघं आलात तर बरं, असंही बाई म्हणाल्या."

"तू जा. दूध कोण काढणार?"

दूध कोण काढणार, हा आमच्या खोऱ्यात प्रश्न नसतो, उत्तर असतं. लग्नाला, मयताला, बाळंतपणाला आम्ही हेच उत्तर देतो. मी इथे दुधाच्या टाकीची गाडी चालवतो. एक दिवसाआड प्रत्येक गोठ्याला माझी गाडी लागते, आणि नळी टाकीत सोडून उभं राहिलं की माणसं बोलतात. जी बोलत नाहीत त्यांचंही कळतं.

सिन्ने त्यांची एकुलती एक, सतराची. आमच्याकडची पोरं सोळाव्या वर्षी पुढच्या शाळेसाठी गावात जातात, दीड तासावर. भाड्याच्या खोलीत एकटी राहतात आणि शुक्रवारच्या बसनं धुण्याची पिशवी घेऊन घरी येतात. सिन्ने गेले तीन शुक्रवार आली नव्हती. अभ्यास आहे, म्हणाली होती. घरच्यांनी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. गवताची दुसरी कापणी शेतात उभी कुजत होती, आणि अभ्यास करणाऱ्या पोरीची काळजी कोण करतो!

संध्याकाळचं दूध निघालं तेव्हा दोन गाड्या अंगणात आल्या. पहिलीतून गुद्रुन आणि सिन्ने उतरल्या. पोरीच्या हातात धुण्याची पिशवी नव्हती, खोलीतलं होतं नव्हतं ते सगळं सामान होतं. दुसरीतून एक बाई उतरल्या, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. जिल्ह्याच्या इस्पितळाचं एक पथक आहे, अशा पोरांसाठी घरोघर जाणारं, त्यातल्या त्या नर्स. नाव मारित. दारात बूट काढून त्यांनी घरून आणलेले लोकरीचे मोजे पायांत चढवले आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी अशा बसल्या की जणू रोजच येतात.

गुद्रुननं कॉफी ओतली. सिन्ने खिडकीकडे तोंड करून बसली. ती वाळली होती. मनगटं बाह्यांतून बाहेर आली होती, केस धुतलेले नव्हते. तोरलाइव्हनं ते पाहिलं आणि नजर वळवली.

"सिन्ने," मारित म्हणाल्या, "सकाळी मी विचारलं तेच आईबाबांसमोर विचारते. चालेल ना?"

पोरीनं खांदे उडवले.

"मरून जावं, असा विचार आत्ता येतोय?"

"आत्ता नाही. गाडीत आला होता."

तोरलाइव्ह उठला. शेगडीचं दार उघडून त्यानं एक ओंडका आत सारला. शेगडी भरलेली होती, ओंडका जाईना. तो हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"बसा तुम्ही," मारित म्हणाल्या.

"बसतो की," तो म्हणाला, पण बसला नाही.

"हे बघा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, तो आधीच आत असतो. विचारलं की तो तिला एकटीला सांभाळावा लागत नाही, एवढंच. रोज विचारायचं, दोघांनीही. हेच शब्द वापरायचे, आडवळणानं नाही. पुढचे काही दिवस तिला एकटं सोडायचं नाही. मी रोज फोन करीन, एक दिवसाआड येईन. अडलं तर कधीही फोन करा." त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "आता सांगा, घरात बंदुका किती?"

"तीन. कुलपात आहेत, कायद्याप्रमाणे."

"किल्ली कुठे असते?"

तोरलाइव्हनं गुद्रुनकडे पाहिलं. उत्तर सिन्नेनं दिलं. "कॉफीच्या जुन्या डब्यात. फडताळात, वरच्या कप्प्यात." मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं तिनं सांगितलं.



"तर त्या आजच घराबाहेर गेल्या पाहिजेत," मारित म्हणाल्या.

"दहा दिवसांवर एल्कची शिकार आलीय."

"ठाऊक आहे मला. मीही याच खोऱ्यातली. माझा भाऊ तुमच्याच शिकारीच्या टोळीत होता."

अशा वेळी शिकारीचं नाव काढल्यानं तोरलाइव्हचे कान लाल झाले. त्या टोळीत तो सव्वीस वर्षं एकाच जागेवर, वरच्या तळ्याच्या कडेला त्या थोराड हरणांची वाट बघत बसत आला होता. गेली दोन वर्षं सिन्ने त्याच्याशेजारी बसायची, श्वाससुद्धा हळू घ्यायची. कपाटातली तिसरी बंदूक आजोबांची. अठरा पूर्ण झाली की ती सिन्नेची व्हायची होती.

त्यानं तिन्ही बंदुका घोंगडीत गुंडाळल्या आणि शेजारी आर्नफिनकडे नेल्या. आर्नफिन साठीचा, विधुर, शिकारीच्या टोळीचा म्होरक्या. त्याच्या अंगणात कायम काहीतरी उघडून ठेवलेलं असतं. त्या दिवशी पाण्याचा पंप होता.

"काय रे, स्वीडनवर स्वारी काढलीस का?"

"कपाटाचं कुलूप बिघडलंय. तोवर तुझ्याकडे राहू दे."

"काय होतंय त्याला?"

"किल्ली अडकते."

"तेल घातलंस?"

"घातलं."

"कुठलं? पातळ?"

"पातळच रे."

"मग अडकायला नको." आर्नफिननं हात पुसले आणि गंभीरपणे विचार केला. "आतली कमान गेली असेल. घेऊन ये इकडे, बघतो."

"कपाट भिंतीला ठोकलंय. राहू दे, शहरातून माणूस येईल."

"शहरातून? कुलपाला?" आर्नफिनचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याच्या आईला नावं ठेवली. पण बंदुका त्यानं नीट ठेवून घेतल्या, कायद्याला लागते ती चिठ्ठी लिहिली. "शिकारीच्या आधी ने म्हणजे झालं. वरच्या तळ्यावर तू नसशील तर एल्क रडतील."

तोरलाइव्ह घरी आला तेव्हा सिन्ने जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिच्या मागे रिकामं कपाट उघडं होतं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"कुलूप बिघडलं म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "अच्छा. म्हणजे मी कुलूप."

"तसं नाही गं..."

"बरंय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

मग पाळतीचे दिवस सुरू झाले. गुद्रुन वृद्धाश्रमात कामाला. तिनं तीन दिवस रजा काढली, चौथ्या दिवसापासून अर्धा वेळ जाऊ लागली. घरातली सगळी औषधं, डोकेदुखीच्या गोळ्यांसकट, तिनं डब्याच्या पिशवीतून नेऊन तिथल्या कुलपात टाकली. सिन्नेची गादी बैठकीत आणली. न्हाणीघराच्या दाराची कडी तोरलाइव्हनं काढली. चार स्क्रूंची चार भोकं तेवढी उघडी राहिली, आतलं लाकूड पांढरं दिसत होतं.

दूध काढायच्या वेळी सिन्ने गोठ्यात उलट्या बादलीवर बसायची. तिनं काही करावं असा आग्रह नव्हता, पण गोठ्यात माणूस रिकामं बसू शकत नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून कासा पुसायला लागली. दोन गाई पुसल्या की हात थांबायचा. फडकं कासेला लागलेलं, आणि पोर कुठेतरीच. गाय मान वळवून बघायची. तोरलाइव्हही बघायचा, दूध काढायचं यंत्र हातात धरून.

एकदा ती न्हाणीघरात असताना तो दाराबाहेर घुटमळत होता. आतून आवाज आला. "मी काय व्यायला झालेली गाय आहे का?"

"गाय एवढं बोलत नाही," तो म्हणाला.

आत थोडा वेळ नळ वाहत राहिला. ती बाहेर आली तेव्हा ओठाचा एक कोपरा किंचित हलला होता, असं त्यानं रात्री गुद्रुनला सांगितलं. दोघांनी तो कोपरा जेवणभर पुरवला.

मारित रोज फोन करायच्या. आधी सिन्नेशी बोलायच्या, मग गुद्रुनशी, शेवटी त्याच्याशी.

"विचारलंत तिला?"

"कशी आहेस, विचारलं."

"ते नाही."

"गुद्रुन विचारते की."

"मी तुमचं विचारतेय."

त्यानं खिडकीतून पावसाकडे पाहिलं. "विचारतो संध्याकाळी."

संध्याकाळी गोठ्यात त्यानं तोंड उघडलं आणि "ती बादली दे" म्हणाला. दुसऱ्या दिवशी "दार लाव, वारा येतोय" म्हणाला. पोरगी बादली द्यायची, दार लावायची. तिला कळत होतं की त्याला दुसरंच काही विचारायचंय, आणि तो विचारत नाही हेही कळत होतं. हा माणूस आडव्या आलेल्या वासराला खांद्यापर्यंत हात घालून बाहेर काढतो. पण चार शब्द त्याच्या घशातून निघेनात. मी त्याला नावं ठेवत नाही. माझीही पोरं आहेत, आणि मीही कधी विचारलेलं नाही.

शनिवारी सकाळी आर्नफिन हत्यारांची पेटी घेऊन दारात उभा राहिला.

तोरलाइव्हला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे शेजाऱ्याच्या मनात काय मोडलंय ते वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही, पण त्याच्या घरात काही मोडलंय असं कळलं तर कोणाला झोप लागत नाही. खोटंच बोलायचं होतं तर पाठ दुखते म्हणायचं. पाठ उघडून बघायला कोणी येत नाही.

"शहरातला माणूस आला का?" आर्नफिननं बूट काढत विचारलं.

"नाही अजून."

"यायचाही नाही. सरक, बघू दे."

कपाट जिन्याखाली होतं. आर्नफिन गुडघ्यांवर बसला, गुडघे कडकडले. त्यानं किल्ली घातली, फिरवली. कुलूप उघडलं. लावलं, लागलं. पुन्हा उघडलं. पाच-सहा वेळा झालं. त्यानं कान लावून ऐकलं.

"हे तर लोण्यासारखं..." तो म्हणाला आणि थांबला.

त्यानं मागं वळून तोरलाइव्हकडे पाहिलं. मग त्याची नजर समोरच्या न्हाणीघराच्या दारावर गेली, कडी नसलेल्या. तिथून बैठकीतल्या गादीवर. आठवड्याच्या मध्यात पोरगी घरी आल्याचं खोऱ्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. आर्नफिननं मान खाली घातली, पेटीतून तेलाची कुपी काढली आणि धडधाकट कुलपात दोन थेंब सोडले.

"कधीकधी हवेतल्या ओलीनंही अडकतं," तो कुलपाला म्हणाला. "यंदा ओल फार आहे."

त्यानं वाट मोकळी करून दिली होती. फक्त "हो ना" म्हणायचं होतं. तोरलाइव्हनं ते म्हणायला मान वर केली आणि त्याला सिन्ने दिसली. ती बैठकीच्या दारात उभी होती, दोन्ही हातांत कप धरून, त्याच्याकडे बघत. तिला राग आलेला नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

"ओल नाही," तो म्हणाला. "कुलूप ठीक आहे. पहिल्यापासून ठीक होतं."

आर्नफिननं कुपीचं बूच लावलं.

"सिन्ने ठीक नाही. तिला मरावंसं वाटतं. म्हणजे, मधूनमधून. म्हणून बंदुका तुझ्याकडे आणल्या." जनावरांच्या डॉक्टरला दुखणं सांगावं तशा आवाजात त्यानं हे सांगितलं, जमिनीकडे बघत. मग तो पोरीकडे वळला. "आज येतोय का तो विचार? मरायचा?"

सिन्नेनं कपात पाहिलं. "सकाळी आला होता. आत्ता नाही." मग म्हणाली, "तू पहिल्यांदा विचारलंस."

"हो. उशीर झाला."

"झाला."

आर्नफिन अजून गुडघ्यांवरच होता. "कोणीतरी हात द्या बाबांनो," तो म्हणाला. "मी बसलो तेव्हा तरुण होतो."

सिन्नेनं कप ठेवला आणि त्याला हात दिला. उठल्यावर त्यानं तो लगेच सोडला नाही. "सोमवारपासून सकाळचं दूध मी काढतो," तो तिला म्हणाला. "तुझ्या बापाचे डोळे बघ. गोठ्यात सात लंगड्या आहेत, हा आठवा."

"तुम्हाला दागरोस गाय लाथ मारेल. तिला डावीकडून गेलेलं चालत नाही."

"मग तू शिकव." त्यानं पेटी बंद केली. दारात बूट घालताना विचारलं, "आणि शिकारीचं काय?"

"या वर्षी नाही," तोरलाइव्ह म्हणाला.

"सव्वीस वर्षांनी तू नाहीस म्हटल्यावर विचारतील सगळे. काय सांगू?"

तोरलाइव्हनं सिन्नेकडे पाहिलं.

"खरं तेच सांगा," ती म्हणाली. "कुलपाचं नको."

आर्नफिननं टोळीच्या बैठकीत ते सांगितलं, दोन वाक्यांत, आणि लगेच कोण कुठल्या जागेवर बसणार ते वाचायला घेतलं. मी होतो तिथे. कोणी काही बोललं नाही. पण त्या आठवड्यात तीन गोठ्यांत टाकी भरताना तीन बापांनी मला, सहज म्हणून, त्या नर्सबाईंचा नंबर विचारला.

तोरलाइव्ह आता रोज सकाळी कॉफी ओतताना विचारायचा. पहिल्या दिवशी कॉफी सांडली, तिसऱ्या दिवशी सांडली नाही. कधी "नाही" यायचं, कधी "थोडा". थोडा म्हटलं की तो पलीकडे बसून राहायचा आणि सकाळचं दूध आर्नफिन आणि दागरोस एकमेकांशी भांडत उरकायचे.

शिकारीच्या आदल्या दिवशी पाऊस थांबला. सहा आठवड्यांनी खोऱ्यात ऊन पडलं. ज्यांची कापणी राहिली होती ते सगळे त्या दिवशीच यंत्रं घेऊन शेतात घुसले, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाऊस सांगितला होता. तोरलाइव्हनं गवत कापून पसरलं. दुसऱ्या दिवशी ते उलथायचं, ओळी करायच्या आणि पाऊस यायच्या आत गठ्ठे बांधायचे होते. हिवाळाभर बावीस गाईंचं पोट त्या एका दुपारवर होतं.

शिकारीच्या दिवशी सकाळी कॉफीच्या वेळी तो घरात नव्हता. दव उडायच्या आधी ट्रॅक्टरवर बसला होता. आर्नफिन शिकारीला, गुद्रुन कामावर, म्हणून सिन्ने शेताच्या कडेला दगडी भिंतीवर बसली होती, त्याच्या नजरेत, शेजारी थर्मास. बारा वाजता त्यानं तिच्याजवळ ट्रॅक्टर थांबवला. यंत्र चालूच ठेवलं. उभ्याउभ्या कॉफी घेतली.

वर डोंगरात बार झाला. लगेच दुसरा.

"आर्नफिन," सिन्ने म्हणाली.

"छे. दोन गोळ्या लागल्या म्हणजे दुसरा कोणी."

"तुझ्या जागेवर कोण बसलंय?"

"क्नुत."

"त्याला झोप लागेल."

"लागली असेल." त्यानं कप झटकला, पश्चिमेकडे पाहिलं. डोंगराच्या कडेला ढगाची एक पट्टी आली होती. "सकाळी विचारायचं राहिलं. आज येतोय का?"

तिनं शेताकडे पाहिलं. अर्धं गवत उलथलं होतं, अर्धं तसंच पडलं होतं.

"तू आधी गवत उरक."

"येतोय का?"

"येतोय," ती म्हणाली. तिचे हात मांडीखाली होते. "खूप. पहाटेपासून. तुला हाक मारणार होते, पण ऊन पडलं होतं."

तोरलाइव्हनं पुन्हा एकदा त्या पट्टीकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरकडे गेला आणि यंत्र बंद केलं. एवढी शांतता झाली की पलीकडच्या शेतातली यंत्रं ऐकू यायला लागली. किल्ली खिशात टाकून तो परत आला आणि तिच्याशेजारी भिंतीवर बसला.

"मारितला फोन लाव," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

तिनं लावला. बोलताना तिचा आवाज दोनदा तुटला. मारित तीनपर्यंत पोचते म्हणाल्या.

"बाबा, गवत भिजेल."

"भिजू दे."

"गाईंना काय घालशील?"

"ते मी बघतो. तू सांग, पहाटे काय झालं."

मी सव्वादोनला खालच्या रस्त्यावरून टाकी घेऊन गेलो. दोन्ही बाजूंना खोरंभर यंत्रं धावत होती, कोणाला मान वर करायला वेळ नव्हता. तोरलाइव्हचा ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर उभा होता, गवत अर्धं सोडलेलं, आणि बापलेक भिंतीवर बसले होते. पोरगी बोलत होती, तो ऐकत होता. महिन्यापूर्वी असं पाहिलं असतं तर मी गाडी थांबवून विचारलं असतं, काय रे, काय मोडलं?

मी गाडी हळू केली आणि हात वर केला. आधी त्यानं हात वर केला. मग तिनंही केला.